निळ्या हापशाचा उन्हाळा

आमच्या गावाला फसवलं ते हापशाला निळा रंग देणाऱ्यानं. पाण्यानं नाही. पाणी जमिनीत जसं होतं तसं वर आलं, आपण चांगले आहोत असं ते कधी म्हणालं नव्हतं. म्हणाला तो रंग, आणि रंग कुणाच्या तरी सांगण्यावरून लागला. फसलो आम्ही सगळेच, पण खरी फसली ती तेव्हा रांगणारी लेकरं.

हे आज लिहायला बसलो, कारण यंदाच्या उन्हाळ्यात त्या हापशाचे निळे पोपडे सुटले. शिमगा झाला, कडुलिंब फुलला, दुपारच्या रिकाम्या गल्लीत त्याचा कडवटगोड वास फिरायला लागला. एका सकाळी दुधाची किटली घेऊन तिथून चाललो होतो, तर दांड्याच्या बुडाशी निळ्याखालून नखाएवढा लाल रंग दिसला. मी किटली खाली ठेवली आणि अंगठ्यानं खरवडायला लागलो. शेजारचा म्हणाला, "काय शोधताव अण्णा?" मी म्हणालो, "एक उन्हाळा." तो हसून निघून गेला. त्याला वाटलं म्हाताऱ्याला ऊन लागलं.

गावाचं नाव लिहीत नाही. धाराशिव जिल्ह्यातलं आहे, कळंबचा बाजारही जवळ आणि बार्शीचाही, एवढं पुरे. गावात अजून लग्नाच्या मुली आहेत, आणि आमच्या भागात पाहुणे आधी गाव विचारतात, मग मुलीला हसायला लावतात. का ते पुढं कळेल.

मी बैलांचा व्यापारी. वडिलांकडं ना जमीन ना दावण. दुसऱ्याचे बैल पायी हाकत बाजारात नेण्यापासून सुरुवात केली आणि माझी स्वतःची दावण उभी केली. हा धंदा सगळा तोंडात आहे, माझ्याही आणि बैलाच्याही. जनावराचं वय त्याच्या दातांवरून धरतात. दुधाचे दात पडून पक्के दोन आले की दोन दाती, मग चार दाती, सहा दाती, मग आठही आले की जुळला. मालक छातीवर हात ठेवून सांगतो, सहा दाती आहे. मी सरळ बैलाचा ओठ खाली ओढतो, आणि मालक दुसरीकडं बघायला लागतो. मग उपरण्याखाली हातात हात घेऊन, बोटं दाबून भाव ठरतो. वरून बघणाऱ्याला वाटतं दोन माणसं नुसती शेकहँड करून उभी आहेत. आत मात्र युद्ध चालू असतं. माझा आवाज चढतो, मी उपरणं झटकून दहा पावलं निघून जातो, परत येतो. लोक मला रागीट म्हणतात. रागीट आहेच. पण माझ्याकडून घेतलेल्या बैलाचं वय चुकलं असं कुणी म्हटलेलं नाही.

ज्याचं पोट दात बघण्यावर चालतं, त्याच्याच घरात दातांनी घात केला. हे मला अजून पचत नाही.

तो उन्हाळा आला तेव्हा आमची आशू रांगत होती. गावात नवीन बोअर पाडून हापसा बसवला होता आणि बायका खूश होत्या. पाणी थंड, गोड, आणि मुख्य म्हणजे डाळ लवकर शिजायची. ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीचं पाणी जड. त्यात तुरीची डाळ दोन घटका उकळली तरी दाणा बोटाला लागायचा. माझी बायको कौसल्या म्हणायची, "ह्या हापशानं माझं अर्धं सरपण वाचवलं." भल्या पहाटे हापशाचा कुईंऽ कुईंऽ आवाज सुरू व्हायचा, आणि कोणाचा हात आहे ते आवाजावरून ओळखू यायचं. कौसल्याचा हात लांब आणि संथ. शेजारणीचा तुटक, भांडल्यासारखा.

मग एक दिवस जीप आली. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, जाड मिशांचा एक माणूस लाकडी पेटी घेऊन उतरला. त्यानं काचेच्या नळीत हापशाचं पाणी घेतलं, त्यात एका बाटलीतलं औषध टाकलं. औषध गुलाबी होतं. बघता बघता गुलाबी गेलं आणि पाणी पिवळं झालं. बायका जत्रेतला खेळ बघावा तशा बघत होत्या. त्यानं नळी उन्हात धरली, पुन्हा एकदा करून बघितलं, आणि म्हणाला, "हे पिऊ नका. धुण्याभांड्याला वापरा. यात फ्लोराईड जास्त आहे."

"ते काय असतंय?" कौसल्यानं विचारलं.

"खडकातून उतरतं, ताई. लहान लेकरांना तर बिलकूल देऊ नका. पक्के दात खराब येतात. फार वर्षं पिलं तर हाडंही धरतात."

"पण चवीला तर साखर हाय."

"चवीला कळत नाही, वासाला कळत नाही. तेच तर वाईट आहे."

त्यानं पेटीतून लाल रंगाचा डबा काढला आणि हापशाचा दांडा आणि तोटी दोन्ही लाल करून टाकले. जाताना आशूच्या गालाला बोट लावलं. बोटाचा रंग ओला होता, तिच्या गालावर टिकली उमटली. त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. तो खरं बोलला होता, आणि खरं बोलणाऱ्या माणसाचं नाव विचारायची मला सवयच नव्हती. बाजारात असा माणूस भेटतो कुठं.

त्यानंतरचे काही आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात कष्टाचे, आणि आता आठवतात तेव्हा सगळ्यात गोड. गावाला पुन्हा ओढ्याकाठच्या विहिरीची आठवण झाली. विहीर गयाबाईची. गयाबाई म्हणजे एकटीनं शेत कसणारी, कुणाला न भिणारी म्हातारी. पहिल्या दिवशी बायका घागरी घेऊन गेल्या, तर ती थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडायच्या दगडी कुंडावर, बसलेली.

"आल्या का गं? नवी सवत लई गोड लागत हुती. आता तिनं इख दिलं तवा थोरली आठवली व्हय?"

"चुकलं, मावशी," कौसल्या म्हणाली.

"चुकलं म्हणतीस आन् घागर पुढं करतीस. भर, भर. पण पोरीला माझ्याजवळ दे. तुला काखंत घागर आन् काखंत पोर, दोन्ही जमायचं न्हाय."

माझ्या दावणीला तेव्हा देवणी जातीच्या बैलांची एक जोडी होती, विकायला आणलेली. उन्हाळ्यात गिऱ्हाईक थंड. मी जोडी गाडीला जुंपली, गाडीत पत्र्याच्या टाक्या ठेवल्या आणि गावाचं पाणी वाहायला लागलो. पहाटेची हवा, उपटून नेलेल्या करडईच्या रानातला कोरडा वास, ओढ्यातल्या वाळूत चाकांचा करकर आवाज. टाक्यांच्या मध्ये गोधडीवर आशू. पाणी हिंदकळलं की तिच्या अंगावर शिंतोडे उडायचे आणि ती खदखदून हसायची. तोंडात तेव्हा दुधाचे चारच दात, तांदळाच्या दाण्यासारखे. त्या हसण्यासाठी मी मुद्दाम चाक दगडावरून न्यायचो. कौसल्या पाठीमागून ओरडायची, "अवो, पाणी सांडतंय. पोरगी हसवायला गाव तहानलेलं ठेवता का?"

परत येताना गाडी प्रत्येक दारासमोर थांबायची. बायका घागरी भरून घ्यायच्या, बैलांना कुणी भाकरीचा तुकडा द्यायचं, कुणी कडब्याची पेंढी. काही दिवसांनी बैल सांगायच्या आधीच थांबायला लागले. पुढं ती जोडी परंड्याकडच्या एका शेतकऱ्यानं घेतली. पुढच्या बाजारात तो मला शोधत आला.

"व्यापारी, जोडी झकास हाय. पण गावातनं जाताना दर दाराला हुबी राहती. हलतच न्हाय. माझी बायको म्हणती, बैल आणलं का दारोदार मागत फिरणारा जोशी आणला?"

सगळा बाजार हसला. मी त्याला सांगितलं, दोन महिने भाकरी बंद ठेवा, सुटेल सवय. मनात म्हणालो, सुटू नये.

मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागला. गयाबाई दोर सोडायची, वर यायचा तो अर्धा गाळ. त्याच दिवसांत शाळेची नवी खोली झाली होती आणि तिच्या उद्घाटनाला कुणी मोठे साहेब येणार होते. मी तेव्हा बार्शीला होतो. परत आलो तर रस्त्याच्या कडेला चुना, शाळेवर पताका, आणि हापसा पायापासून तोटीपर्यंत निळा. वर पांढऱ्या अक्षरांत योजनेचं नाव. लाल कुठंच नाही. आणि हापशावर रांग लागलेली.

मी सरपंचाच्या दारात गेलो. सरपंच बरा माणूस होता, पण मोठ्या माणसांपुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची.

"लाल खूण कुठं गेली?"

"साहेब येणार म्हणून रंगरंगोटी केली वरच्यांनी. गाडीतनं माणसं आली, रंग लावून गेली."

"पाणी तपासलं का?"

"सरकारनं रंग दिला म्हंजी तपासूनच दिला असंल की. लाल व्हतं तवा वाईट, निळं झालं तवा चांगलं. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

"तुम्ही बैल घेताना शिंगाचा रंग बघता का तोंड?"

"आता हापशाला तोंड कुठनं आणायचं, अण्णा?"

ओट्यावरची माणसं हसली. माझं डोकं फिरलं. मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, ओट्यावर नंतर कुणी हसलं नाही, आणि पाण्याची रांगही मोडली नाही.

मी कचेरीत गेलो. पेटीवाला मिशाळ माणूस बदलून गेला होता. त्याच्या जागी बसलेला म्हणाला, तपासणी आमच्याकडं, रंग आमच्याकडं नाही. रंगवाल्या खात्यात गेलो. ते म्हणाले, आम्हाला वरून सांगितलं सगळे हापसे एकसारखे दिसले पाहिजेत, पाण्याचं आम्हाला काही माहीत नाही. मी पुष्कळ माणसांशी घासाघीस केली आहे, पण समोरचा माणूस आपण मालकच नाही म्हणतो तेव्हा कुणाचा हात उपरण्याखाली घ्यायचा? दोन दिवस तिथल्या बाकावर बसून परत आलो. तोवर गयाबाईच्या विहिरीत बेडूक उरले होते. दुसरं पाणी नव्हतं. गाव प्यायलं, आम्हीही प्यायलो. त्या उन्हाळ्यात आणि नंतर कितीतरी वर्षं. पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं, पण हापसा दारात होता, डाळ शिजत होती, आणि रंग निळा होता. मी अधूनमधून भांडायचो. भांडणारा माणूस रोजचा झाला की त्याचा आवाज हापशाच्या कुईंऽ कुईंसारखा होतो, कुणी कान देत नाही.

आशू बैलांमध्ये वाढली. माझं बघून बघून वासरांचे ओठ ओढायची. दुसरीत असताना एक दिवस माझ्यापुढं येऊन उभी राहिली, आऽ केला आणि म्हणाली, "अण्णा, बघा, मी किती दाती झाले?"

मी तिची हनुवटी धरली, उजेडाकडं वळवली. खालचे चार पक्के दात आले होते. त्यांच्यावर खडूनं ओढल्यासारखे पांढरे फटकारे होते, आणि वर येऊ घातलेल्या दाताच्या टोकाला चहाच्या डागासारखा तपकिरी पट्टा. आयुष्यात हजारो तोंडं बघितली, हे मात्र दोनदा बघितलं.

"चार दाती," मी म्हणालो. "भारी जनावर आहे. विकायचं नाही."

ती हसत पळाली. कौसल्यानं माझ्याकडं बघितलं आणि पदर डोळ्याला लावून आत गेली.

पाचवीत तिनं हसताना तोंडावर हात ठेवायला सुरुवात केली. कुणी शिकवलं नाही. वर्गातल्या सगळ्याच पोरी ठेवायच्या. आमच्या शाळेचा फोटो बघा, अर्ध्या मुलींचे हात तोंडावर. बाहेरगावचा माणूस म्हणेल, केवढ्या लाजाळू पोरी. आमची जनावरंही सुटली नाहीत. लातूरकडचा एक व्यापारी माझ्या खोंडाचं तोंड बघून म्हणाला होता, "तुमच्या गावचं जनावर वयापेक्षा म्हातारं दिसतंय." मी त्याच्याशी तासभर भांडलो, पण दात झिजलेले होते ते मलाही दिसत होतं.

आशूच्या लग्नाची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तीन ठिकाणांहून पाहुणे येऊन गेले. येणारी बाई गोड बोलायची आणि म्हणायची, "हस की गं जरा." आशू हसायची, हात वर जायचा, आणि पाहुणे चहा पिऊन जायचे, मग निरोप यायचा नाही. मग बीडकडचा एक मुलगा आला. पुण्याजवळ कारखान्यात नोकरी. त्याच्या आईनं तेच म्हटलं. आशूनं तोंडावर हात नेला, आणि समोरून त्या मुलाला हसू फुटलं. त्यानंही तोंडावर हात नेला. अगदी तसाच, तीन बोटं ओठावर. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. त्याच्याही गावचा बोअर आमच्यासारखाच होता. त्या क्षणी लग्न ठरलं, बाकीची बोलणी आम्ही म्हाताऱ्यांनी उगाच केली.

आता यंदाचं. शिमग्याच्या आधी मी पुण्याला गेलो होतो. नात स्वरा आता चार वर्षांची आहे. उन्हाळ्यात तिला गावाकडं ठेवायची असं कौसल्यानं कधीचं ठरवून टाकलंय. आशू म्हणाली, आधी तिचे दात दाखवायचेत, चला बरोबर. दातांच्या डॉक्टरीणबाई तरुण, शांत. त्यांनी स्वराचं तोंड बघितलं, छोट्याशा ब्रशला काहीतरी लावलं आणि म्हणाल्या, "हिच्या दातांना फ्लोराईड लावून घेऊ."

मी खुर्चीवरून उठलो. "हात लावायचा नाही."

बाहेर बसलेली माणसं दारातून डोकावली. जावईबापूंनी माझा हात धरला. आशू म्हणाली, "अण्णा, बसा. ऐकून तरी घ्या."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आशूच्या दातांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुमच्या गावच्या पाण्यात जास्त होतं. इथल्या पाण्यात फार कमी आहे. थोडं असलं की दात किडत नाहीत, जास्त झालं की असे डाग येतात. काही देशांत तर नळाच्या पाण्यात मोजून घालतात."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. आणि त्यावरून तिथं मोठं भांडण आहे. काही म्हणतात, गरिबाच्या लेकराचेही दात वाचतात, घाला. काही म्हणतात, ज्याला पाहिजे त्यानं पेस्टमधून घ्यावं, सगळ्यांच्या पाण्यात कशाला? काही गावांनी मतं घेऊन बंदही केलं."

"लोकांना विचारतात? पाण्यात काय घालायचं ते?"

"काही ठिकाणी विचारतात."

मी खाली बसलो. त्या भांडणात कोण बरोबर, हे मी सांगणार नाही. दोन्हीकडच्यांचं म्हणणं मला पटलं, आणि असं माझं सहसा होत नाही. मोजून, लक्ष ठेवून घातलं तर पहिल्याचं खरं. मोजणारा माणूस उद्या बदलून गेला आणि त्याच्या जागी दुसराच येऊन बसला तर दुसऱ्याचं खरं. पण मला हेवा वाटला तो त्या भांडणाचाच. कुठंतरी एखादा माझ्यासारखा रागीट माणूस सभेत उभा राहतो, विचारतो, माझ्या लेकराच्या पाण्यात काय आहे, किती आहे, कुणी ठरवलं. आणि समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. आमच्या पाण्यात कुणी काही घातलं नव्हतं, खडकानं घातलं होतं. पण ज्याला ते माहीत होतं त्यानं आम्हाला सांगितलं, आणि दुसऱ्यानं ते सांगणं पुसून टाकलं. आम्हाला भांडायलाही जागा ठेवली नाही.

"लावा, डॉक्टर," आशू म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "अण्णा, स्वराचे पक्के दात आता आत तयार होतायत. उन्हाळ्यात पाठवते मी. पण पाणी कुठलं पाजणार, ते आधी सांगा."

प्रश्न साधा होता. माझ्या लेकीनं माझ्याशी केलेला पहिला सौदा, आणि ती एक पाऊल मागं हटणार नव्हती, हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं. माझीच पोरगी. मी म्हणालो, "तपासून सांगतो. मग पाठव."

गावी आलो आणि दोन बाटल्या भरल्या, एक हापशाची, एक ग्रामपंचायतीजवळ अलीकडं बसवलेल्या पाण्याच्या फिल्टरची. शहरात नेऊन तपासून आणल्या. फिल्टरचं पाणी चांगलं निघालं. हापशाचं आजही वाईट आहे. इतकी वर्षं निळ्या रंगाखाली ते जसंच्या तसं आहे. मी आशूला फोनवर खरं ते सांगितलं. वीज गेली की फिल्टर बंद पडतो, तेही सांगितलं. ती म्हणाली, "मग भरून ठेवा." स्वरा परवा आली. आता मी रोज सकाळी मोटारसायकलला दोन कॅन बांधून आणतो, आणि कौसल्या झाकण लावून मांडणीवर ठेवते. डाळीलाही हेच पाणी घालायचं तर दोन कॅन पुरत नाहीत असं ती म्हणते, पण ते तक्रारीसारखं वाटत नाही. स्वरा कॅनवर बसून गाडीची सैर मागते. खड्डा आला की खदखदते. मी खड्डे चुकवत नाही.

आशू सोडायला आली होती तेव्हा ओट्यावर बसून स्वराचे केस विंचरत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला दातांवर कवच बसवायचं सुचवलंय. मी म्हणालो, बसवून घे, मी आहे. ती म्हणाली, "कशाला अण्णा? स्वराच्या बापाला ह्याच दातांनी मी आवडले." आणि हसली. हात वर गेला. तिला कळलंही नाही, तो आपोआप जातो.

तो हात मला सहन होत नाही.

त्या उन्हाळ्यात ज्या साहेबानं वरून सगळे हापसे एकसारखे दिसले पाहिजेत असा हुकूम दिला, त्यानं पुढं यावं. तो आज कामावर असो वा घरी बसून पेन्शन खात असो, मला फरक पडत नाही. शिक्षा देणं माझ्या हातात नाही, मागतही नाही. दिवसाउजेडी माझ्या ओट्यावर यावं. आशूला मी बोलावून घेईन, तिच्यासमोर बसावं. चहा देईन, आणि कप हातात द्यायच्या आधी पाणी कुठलं आहे ते स्पष्ट सांगेन, म्हणजे प्यायचं की नाही हे त्याला ठरवता येईल. मग त्यानं माझ्या लेकीकडं बघून एवढंच सांगावं: साहेब, लाल खूण पुसायला सांगितली तेव्हा ती कशाची आहे हे तुम्हाला माहीत होतं, की तुम्ही विचारलंच नाही? दोन्हीपैकी एक उत्तर द्या. यात घासाघीस होणार नाही.